बलात्काराची व्याख्या कशी वाचावी : आधी तारीख, मग वय, मग संमती

गेल्या पावसाळ्यात अंबाजोगाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविकांना कायद्याची माहिती द्यायला गेले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ चे, म्हणजे बलात्काराच्या व्याख्येचे, मी स्वतः केलेले मराठी भाषांतर प्रत्येकीच्या हातात दिले आणि एकच काम सांगितले : या दोन पानांत ‘प्रतिकार’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. पेन्सिली सरसावल्या, शेजारणीच्या कागदात डोकावणे झाले आणि पाच-सात मिनिटांनी मागच्या बाकावरच्या एक सेविका उभ्या राहून म्हणाल्या, “मॅडम, एकदाच हाय. अन् तेबी नाही म्हणायलाच हाय.”

त्यांचे बरोबर होते. हा शब्द संमतीच्या व्याख्येला जोडलेल्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या पुरवणी वाक्यात, येतो आणि तेथे कायदा एवढेच सांगतो की, बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. “मग आमच्या गावात पहिला सवाल ‘वरडली का नाही’ हाच का बरं असतो?” हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. कायद्याने विचारायचा प्रश्न बदलला आहे, चावडीवरचा आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यातला प्रश्न मात्र जुनाच राहिला आहे. पुढचे लिखाण त्या प्रश्नापाशीच घुटमळणार आहे.

हे मार्गदर्शन वकिलांसाठी नाही. अशी गोष्ट जिच्या किंवा ज्याच्या कानावर सर्वांत आधी येते, ती आशा, शिक्षिका, पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य किंवा मोठी बहीण माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यांनी निवाडा करायचा नसतो. कायदा काय विचारणार आहे हे त्यांना ठाऊक असले तर पहिल्याच दिवशी होणाऱ्या, पुढे न्यायालयात निस्तरता न येणाऱ्या चुका टळतात. व्याख्या वाचण्याचा माझा क्रम ठरलेला आहे : आधी घटनेची तारीख, मग बाईचे किंवा मुलीचे वय, आणि त्यानंतर संमती. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तिसरा प्रश्न विचारायचा की नाही हेच ठरते.

तारीख

घटना घडली त्या दिवशी जो कायदा होता तोच आरोपीला लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० नुसार, नंतर केलेल्या कायद्याने आधीच्या कृत्याला गुन्हा ठरवता येत नाही किंवा शिक्षा वाढवता येत नाही. त्यामुळे १ जुलै २०२४ पूर्वीची घटना असेल तर भारतीय दंड संहितेचे कलम ३७५ वाचायचे आणि त्या दिवशी किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ६३. दोन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा असल्यामुळे हा फरक वरवरचा वाटेल. खरा मोठा बदल त्याआधी, ३ फेब्रुवारी २०१३ पासून झाला. त्या तारखेपूर्वी बलात्कार म्हणजे केवळ पुरुषाच्या जननेंद्रियाचा प्रवेश एवढाच अर्थ होता. त्यानंतर शरीराच्या इतर भागाने किंवा एखाद्या वस्तूने केलेला प्रवेश आणि मुखाने केलेली कृतीही व्याख्येत आली, आणि मुलीच्या संमतीचे वय १६ वरून १८ झाले. शिक्षेसाठी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी : २१ एप्रिल २०१८ पासून बलात्काराची किमान शिक्षा ७ वर्षांवरून १० वर्षे झाली.

घटना जुनी आणि फिर्याद नवी असेल तर कलम जुन्या संहितेचे लागते. नोंदणीची आणि तपासाची पद्धत मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. ‘आता उशीर झाला, मुदत गेली’ असे कोणी सांगितले तर मानू नये. एवढ्या गंभीर गुन्ह्याला फिर्यादीची मुदत नाही. उशीर का झाला हे मात्र विचारले जाणारच, आणि त्याचे खरे उत्तर फिर्यादीतच लिहिलेले बरे.

वय

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिने होकार दिला होता की नाही, ती स्वतःहून गेली होती की नाही, हे प्रश्न कायद्याच्या दृष्टीने संपतात. कलम ६३ तसेच सांगते आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेला पोक्सो, तेच सांगतो. पोक्सो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मुलगी १६ वर्षांखालची असेल तर किमान शिक्षा २० वर्षांची आहे, आणि १२ वर्षांखालची असेल तर ती फाशीपर्यंत जाऊ शकते.

वय सिद्ध कशाने करायचे? बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम न्यायालये पाळतात : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. आमच्या भागात आणखी एक पेच असतो. जुन्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात अनेक लेकरांची जन्मतारीख १ जून अशीच सापडते, कारण शाळेत घालायला आलेल्या आजीला तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी वयाला जुळेल अशी लिहून टाकली. अशा नोंदीवर उलटतपासात हल्ला होतो. त्यामुळे निर्गम उताऱ्यावर न थांबता ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दवाखान्यातली प्रसूतीची नोंद आणि लसीकरणाचे कार्ड जे मिळेल ते त्याच आठवड्यात शोधावे. अंगणवाडीच्या रजिस्टरातली जुनी नोंद कधी कधी मोठ्या कामाची ठरते.

वयाच्या या रेषेने मराठवाड्यात मोठा गुंता केला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. शिवाय मायबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती. या दोन कारणांनी पंधरा-सोळाव्या वर्षी लग्ने उरकली जातात. पत्नीशी केलेला संबंध बलात्कार न मानण्याची नवऱ्याला मिळणारी सूट २०१७ पर्यंत १५ वर्षांवरील पत्नीपर्यंत होती. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती १८ वर आणली आणि नव्या संहितेत आता १८ हेच वय छापलेले आहे. म्हणजे सतरा वर्षांची गरोदर सून सरकारी दवाखान्यात आली की तिच्या नवऱ्यावर गुन्हा होतो. शिवाय पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक असल्यामुळे, गप्प राहणारी नर्सही अडचणीत येते. भीतीपोटी मग अशा मुलींना दवाखान्यातच आणले जात नाही, हे मी पाहिले आहे. लग्नाआधीच ग्रामसेवकाकडे, म्हणजे गावातल्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे, खबर गेली तर हे सगळे टळते. लग्नानंतर जे उरते त्यात सर्वांचेच नुकसान असते.

तीच गोष्ट पळून गेलेल्या जोडप्यांची. मुलगी सतरा, मुलगा एकोणीस, जात वेगळी. बाप अपहरणाची फिर्याद देतो, मुलगी सापडल्यावर पोक्सो लागतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधल्या आपल्या २८३ व्या अहवालात वय १८ च्या खाली आणू नये असे सांगितले, पण १६ ते १८ वयोगटातल्या खुशीच्या संबंधांबाबत न्यायाधीशांना शिक्षेत काही विवेक वापरता यावा अशी शिफारस केली. ती अजून कायद्यात उतरलेली नाही. माझे मत विचाराल तर वय कमी करू नये आणि हा विवेक मात्र लवकर द्यावा. पण मदतीला आलेल्या माणसासमोर आपले मत मांडायचे नसते, आज छापलेला कायदा सांगायचा असतो.

या वयालाही इतिहास आहे. १८६० च्या संहितेत ते १० वर्षे होते. १८९१ मध्ये १२ झाले, तेव्हा पुण्यात टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने उभे राहिले. १९२५ मध्ये १४ आणि १९४९ मध्ये १६ झाले. टिळक-आगरकरांचा तो वाद ब्रिटिश मुलखातल्या कायद्याचा होता. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेथे तो कायदा आपोआप लागू होत नव्हता.

संमती

बाई सज्ञान असेल तर सारा खटला या एका शब्दाभोवती फिरतो, म्हणून येथे थोडे थांबू.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण आपल्याच राज्यातले आहे. तिचे नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात छापलेले असते. मी ते मुद्दाम लिहीत नाही. नागपूर खंडपीठाने त्या पोलिसांना दोषी धरताना एक फार मोलाचा भेद केला होता : निमूटपणे शरण जाणे वेगळे आणि संमती देणे वेगळे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झाल्याचे पटत नाही, म्हणून हा संबंध जबरीचा नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत किंवा सरकारी अधिकाराच्या आडोशाने झालेल्या गुन्ह्यांत, बाईने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर ती नव्हतीच असे गृहीत धरायचे, असा नियम आला. बंद दालनात सुनावणी आणि नाव उघड करण्यावर बंदी हीही त्याच वर्षाची देणगी आहे.

तरीही १९८३ चा कायदा संमती म्हणजे काय हे सांगत नव्हता. ते यायला आणखी ३० वर्षे गेली. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्यापाठोपाठ झालेल्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या प्रथमच कायद्यात लिहिली गेली. आज ती कलम ६३ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात आहे. सोप्या मराठीत ती अशी : बाईने शब्दांनी, खाणाखुणांनी किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे, त्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी होण्याची तयारी दाखवून, स्वेच्छेने दिलेली निःसंदिग्ध मान्यता.

हे वाक्य एकेक शब्द सुटा करून वाचावे. ‘निःसंदिग्ध’ म्हणजे अंदाजाने काढलेला अर्थ चालत नाही. ती हसली होती, ती चहाला आली होती, तिने दार उघडले होते, यांतून होकार निघत नाही. ‘स्वेच्छेने’ म्हणजे दबावाखाली मान हलवली तर ती मान्यता नव्हे. ‘दाखवून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा, कारण आता काहीतरी घडायला हवे ते होकाराच्या बाजूने. आणि ‘विशिष्ट कृतीत’ याचा अर्थ एका गोष्टीचा होकार दुसऱ्या गोष्टीला पुरत नाही, कालचा होकार आजला पुरत नाही. बाईचे पूर्वीचे संबंध किंवा तिचे चारित्र्य संमतीच्या प्रश्नावर गैरलागू आहे, असे नव्या साक्ष अधिनियमाचे कलम ४८ सांगते. तिच्या अनैतिक वर्तनाचा पुरावा देऊन साक्ष खोटी पाडण्याची जुनी मुभा तर २००२-०३ मध्येच काढून टाकली होती.

कागदावर व्याख्या इतकी स्वच्छ असूनही न्यायालये नेहमी तिच्याबरोबर चालली असे नाही. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात क्षीण नकार हा कधी कधी होकारही असू शकतो, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवून आरोपीला सोडले. म्हणून ‘कायद्यात लिहिले आहे, आता काळजी नको’ असे कोणत्याही बाईला सांगू नये.

कलम ६३ मध्ये सात परिस्थिती दिल्या आहेत. पहिली ‘इच्छेविरुद्ध’ आणि दुसरी ‘संमतीशिवाय’. आपल्या फिर्यादींत या दोन्ही एका दमात लिहिल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. जिने विरोध दाखवला तिच्या इच्छेविरुद्ध. जी झोपेत होती, गोठून गेली होती, तिच्या संमतीशिवाय. तिसरी, मरणाची किंवा इजेची भीती घालून मिळवलेली संमती, मग ती भीती तिच्या स्वतःबद्दल असो वा तिच्या लेकराबद्दल. चौथी, नवरा असल्याचा तिचा गैरसमज आहे हे ठाऊक असूनही केलेला संबंध. पाचवी, नशेत किंवा मनाच्या अशा अवस्थेत दिलेला होकार की ज्यात परिणाम कळत नाहीत. सहावी १८ वर्षांखालची मुलगी, आणि सातवी जिला संमती व्यक्तच करता येत नाही अशी बाई.

आता आपल्याकडचा खरा पेच. फडावर मुकादम बाईला मारण्याची धमकी देत नाही. तो म्हणतो, “उचल फिटली नाही अजून, नवऱ्याला सांग हिशेब करायला.” बाई गप्प राहते. तिसऱ्या परिस्थितीतली भीती मरणाची किंवा इजेची आहे, कर्जाची नाही, त्यामुळे येथे ती ओढूनताणून लावण्यात शक्ती घालवू नये. दुसरी परिस्थिती लावावी : निःसंदिग्ध, स्वेच्छेची मान्यता येथे कुठे आहे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम ६४ चे दुसरे उपकलम वाचावे. बाईवर नियंत्रण किंवा वर्चस्व असलेल्या माणसाने केलेला बलात्कार तेथे गंभीर प्रकारात मोजला आहे, आणि पोलीस, सरकारी नोकर, दवाखान्याचे कर्मचारी, शिक्षक, नातेवाईक, विश्वासातली व्यक्ती हेही त्याच यादीत आहेत. हे उपकलम लागले की साक्ष अधिनियमाचे कलम १२० लागते : संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे. साध्या कलम ६४(१) खाली मात्र संमती नव्हती हे सरकार पक्षालाच सिद्ध करावे लागते. उचल, कोयता, मुकादमाच्या वहीतला हिशेब हे सगळे फिर्यादीत आले तरच वर्चस्व दिसते.

लग्नाचे वचन

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली, ‘पोस्ट निघाली की घरी सांगतो’ हे वाक्य, आणि निकालानंतर निघणारे जातीचे कारण, हे माझ्या टेबलावर दर दोन-तीन महिन्यांनी येते. येथे वचन मोडणे आणि वचनच खोटे असणे यांत फरक करावा लागतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कसोटी सांगितली : वचन देतानाच ते पाळायचे नव्हते, आणि त्याच वचनामुळे बाईने होकार दिला, या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. नंतर घरच्यांनी मोडता घातला, मन बदलले, तर तो बलात्कार होत नाही, मग मुलीचे दुःख कितीही खरे असो.

१ जुलै २०२४ पासून यासाठी स्वतंत्र कलम ६९ आहे. पाळायचे नसताना दिलेले लग्नाचे वचन, नोकरी किंवा बढतीचे आमिष, ओळख लपवून केलेले लग्न, अशा फसवणुकीने मिळवलेला संबंध तेथे बलात्काराहून वेगळा गुन्हा मानला असून शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे. तेथेही वचन देतानाचा हेतू दाखवावाच लागतो. म्हणून अशी मुलगी आली तर पहिल्यांदा तिला त्या काळातले संदेश तारखेसकट जपून ठेवायला सांगावे. त्याचा साखरपुडा आधीच झाला होता, हे जुन्या संदेशांतून दिसले तर त्याचे वजन पडते. आणि केवळ दबाव आणून लग्न लावण्यासाठी फिर्याद द्यायची असेल, तर माझा सल्ला ‘देऊ नका’ असाच असतो.

जेथे व्याख्या पोचत नाही

कलम ६३ च्या दुसऱ्या अपवादाप्रमाणे १८ वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार ठरत नाही. इंग्लंडमध्ये ही सूट १९९१ मध्ये न्यायालयानेच मोडीत काढली; शेजारच्या नेपाळमध्ये ती कधीच गेली. आपल्याकडे ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तोवर विवाहितेला तीन वाटा सांगाव्यात : वेगळी राहत असताना नवऱ्याने संमतीशिवाय संबंध केला तर कलम ६७, ज्यात २ ते ७ वर्षांची शिक्षा आहे, क्रूरतेचे कलम ८५, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो लैंगिक छळालाही हिंसाच मानतो. सज्ञान पुरुषावरचा अत्याचार या व्याख्येत मुळीच येत नाही, आणि जुने कलम ३७७ नव्या संहितेत घेतले नसल्यामुळे ती पोकळी आणखी मोठी झाली आहे.

फिर्याद लिहिताना

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका बाईबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. रात्रीचे अकरा वाजले होते, बाई थकली होती आणि लिहून घेणाऱ्याने सवयीने मजकूर पुरा केला : ‘माझे इच्छेविरुद्ध जबरदस्तीने संभोग केला, मी आरडाओरडा केला असता माझे तोंड दाबले.’ बाईने यातले शेवटचे वाक्य उच्चारलेही नव्हते. ती मला म्हणाली होती, “माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही.” मीही वाचले, वाटले की केस मजबूत दिसते आहे, आणि तिला सही करू दिली. तीन वर्षांनी उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी शेजाऱ्यांना एकच विचारले, ओरडण्याचा आवाज आला होता का? कोणालाच आला नव्हता. बाई खरे बोलत होती, फिर्याद खोटे बोलत होती, आणि त्यातला वाटा माझा होता.

तेव्हापासून मी सांगते ते असे. बाईचे शब्द बाईचेच राहू द्यावेत. ‘मी गप्प राहिले’ असे ती म्हणाली तर ‘मी गप्प राहिले’ असेच लिहावे आणि लगेच पुढे, का, हे तिच्याच तोंडून लिहावे : लेकरू शेजारी झोपले होते, हातपाय गळून गेले होते, उद्या कामावरून काढील असे वाटले. कायद्याने गप्प राहण्याचा अर्थ बदलला आहे. तो लपवण्याची गरज उरलेली नाही. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, तिने हात कुठे झटकला, पाठ फिरवली का, या लहान गोष्टी लिहाव्यात, कारण संमतीची व्याख्या खाणाखुणांबद्दलही बोलते. न आठवणारी वेळ अंदाजाने घालू नये.

ठाण्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आधार घ्यावा. ही माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. साखर कारखान्याच्या परिसरात घडलेल्या घटनेची फिर्याद धारूरला किंवा केजला देता येते. गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षे शिक्षा आहे, आणि तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. वैद्यकीय तपासणी कलम १८४ प्रमाणे, माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत आणि बाईच्या संमतीनेच होते. तोपर्यंत अंगावरचे कपडे धुऊ नयेत, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत. पण आंघोळ झाली असेल तरी तपासणी टाळू नये. दोन बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे कोणी ती करू पाहिली तर तेथेच थांबवावे. उपचार मोफत मिळतात, खासगी दवाखान्यालाही नाकारता येत नाहीत. आर्थिक मदतीसाठी २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. रात्री-अपरात्री ११२ किंवा १८१ आणि लेकरांसाठी १०९८ हे क्रमांक चालतात.

गावच्या व्हॉट्सअॅप गटावर नाव, फोटो किंवा ‘अमक्या आळीतली’ अशी ओळख टाकणाऱ्याला कलम ७२ खाली २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. निषेधाची पोस्ट टाकणारेही त्यात येतात, हे तरुण मंडळींना आधीच बजावावे.

फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये. बाहेर उजेडात उभे राहून चार गोष्टी तपासाव्यात : गुन्हा रजिस्टर नंबर, घटनेची तारीख, मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सोची कलमे, आणि मुकादम, शिक्षक किंवा नातेवाईक आरोपी असेल तर कलम ६४(२) लिहिले आहे की नुसते ६४(१). काही सुटले असेल तर त्याच आठवड्यात पुरवणी जबाब द्यावा आणि तोही बाईला पूर्ण वाचून दाखवल्यावरच तिची सही किंवा अंगठा घ्यावा.